मुंबईहून जवळ काय – दिल्ली की कराची?

पैज कॅन्टीनमध्ये लागली. इंटर्नलचा शेवटचा पेपर झाला होता, टेबलावर वडापावच्या रिकाम्या प्लेटी होत्या आणि कुणालाच घरी जायची घाई नव्हती. विषय ट्रिपचा निघाला, ट्रिपवरून विमानाच्या तिकिटांवर गेला आणि एकाने मध्येच पुडी सोडली, ‘‘सांगा, मुंबईहून विमानाने जवळ काय? दिल्ली की कराची?’’

‘‘दिल्ली! हा काय प्रश्न आहे?’’ चौघं एकदम ओरडले. एक जण ठाम होता, ‘‘कराची.’’ हरणाऱ्याने सगळ्यांना कटिंग पाजायचा, असं ठरलं. मोबाइल बघायचा नाही, अशीही अट पडली. उत्तर स्वतः काढायचं.

वही उलटी करून शेवटचं पान काढलं. तुम्हीही काढा. दहावीच्या भूगोलाएवढंच गणित आहे.

पाठच्या पानावरचं गणित

मुंबई विमानतळ साधारण १९.१ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७२.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. कराचीचा २४.९ उत्तर आणि ६७.२ पूर्व. म्हणजे अक्षांशांत फरक ५.८ अंशांचा आणि रेखांशांत ५.७ अंशांचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, हे कुठेही तेवढंच. रेखांशाचं तसं नाही. विषुववृत्तावर दोन रेखांशांतलं अंतर सर्वांत जास्त असतं आणि ध्रुवाकडे जाताना ते कमी कमी होत शून्यावर येतं. मुंबई-कराचीच्या मधोमध, म्हणजे २२ अंशांवर, एक अंश साधारण १०३ किलोमीटरचा भरतो.

आता गुणाकार. उत्तर-दक्षिण ६४४ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ५८७. काटकोन त्रिकोण काढा, पायथागोरसला बोलवा. कर्ण येतो ८७१ किलोमीटर. पृथ्वीचा गोलावा धरून काटेकोर हिशेब केला तर आकडा ८७५च्या आसपास जातो. वहीतल्या गणिताला चार किलोमीटरची चूक माफ असावी.

दिल्लीचंही तसंच केलं. उत्तर सुमारे ११४० किलोमीटर.

म्हणजे कराची दिल्लीपेक्षा अडीचशेहून जास्त किलोमीटरनी जवळ! टेबलावर शांतता पसरली. नागपूर मुंबईहून हवाई अंतराने सुमारे ६८० किलोमीटर, त्याच्या पुढे दोनशे किलोमीटर गेलं की झाली कराची. आपल्या डोक्यातल्या नकाशात ती इतकी लांब का असते, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. सगळ्यांना पुढचा आकडा हवा होता, वेळ किती?

दीड तासाचं विमान

दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि वेळ सांगणारी जी कॅल्क्युलेटर असतात, त्यांची युक्ती सोपी आहे. जेट विमानाचा सरासरी वेग ताशी ८०० किलोमीटर धरायचा, अंतराला त्याने भागायचं आणि उड्डाण-उतरणीसाठी वर अर्धा तास टाकायचा. ८७५ भागिले ८००, म्हणजे एक तास सहा मिनिटं. अधिक अर्धा तास. झालं एक तास छत्तीस मिनिटं.

तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती यापेक्षा थोडी जास्त असते. कारण कंपन्या गेटपासून गेटपर्यंतचा वेळ धरतात. विमान मागे ढकलणं, धावपट्टीकडे रांगत जाणं, नंबर लागेपर्यंत थांबणं, पोचल्यावर आकाशात घिरट्या घालणं, हे सगळं त्यात येतं. त्यात विमान पट्टी ठेवून आखलेल्या सरळ रेषेत उडत नाही. आकाशातही ठरवलेले मार्ग असतात, त्या मार्गांवर ठरलेले बिंदू असतात आणि एका देशाचा नियंत्रण कक्ष दुसऱ्याच्या हातात विमान सोपवत जातो. तरी मुंबई-कराचीला पावणेदोन तासांच्या वर लागायचं कारण नाही. कल्याणची धीमी लोकल सीएसएमटीला पोचायला साधारण तेवढाच वेळ घेते.

वर एक गंमत. पाकिस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. सकाळी दहाला मुंबईहून निघालात तर कराचीत उतरताना तिथल्या भिंतीवरचं घड्याळ अकरा-सव्वाअकरा दाखवेल.

इथे मोबाइलबंदी उठली. जिंकलेल्याने ऐटीत तिकिटाची साइट उघडली, मुंबई ते कराची टाकलं. थेट विमान : एकही नाही. खाली यादी आली ती दुबईवरून, आणखी कुठल्या आखाती शहरावरून.

दुबईचा हिशेब करू. मुंबई-दुबई सुमारे १९३० किलोमीटर, दुबई-कराची सुमारे ११९०. बेरीज ३१२०. म्हणजे शेजारच्या इमारतीत जायला आधी स्टेशन गाठायचं आणि तिथून परत यायचं! हवेतच पाच तास, मध्ये विमान बदलण्याचे दोन-तीन किंवा त्याहूनही जास्त. सगळं जुळून आलं तरी सात-आठ तास कुठे गेले नाहीत.

१९३२ : सकाळी निघाले, दुपारी जुहूत

हा आकडा लक्षात ठेवा, कारण आता आपण नव्वदहून जास्त वर्षं मागे जातोय.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून सकाळी एक छोटं विमान उडालं. एकच इंजिन, नाव ‘पस मॉथ’, वेग ताशी जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर. चालवत होते जे. आर. डी. टाटा. आत प्रवासी नव्हते, टपाल होतं. लंडनहून इम्पीरियल एअरवेजची टपाल विमानं १९२९पासून कराचीपर्यंत येत होती. तिथून पुढे मुंबई आणि मद्रासला हवाई टपाल पोचवण्याचं काम टाटांनी घेतलं होतं. वाटेत अहमदाबादला इंधन भरायला थांबून दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडवला. आज ज्या कंपनीला आपण एअर इंडिया म्हणतो, तिची सुरुवात या फेरीपासून मानतात. जुहूची जागा तेव्हा अशी की पावसाळ्यात पाण्याखाली जायची आणि विमानांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागायचा.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. १९३२मध्ये, वाटेत उतरून इंधन भरूनही, सात-साडेसात तास. आज, चौपट-पाचपट वेगाची जेट विमानं असताना, सात-आठ तास. कदाचित जास्तच. विमान सुधारलं, इंजिन सुधारलं, रडार आलं, उपग्रह आले, तरी कराची-मुंबई प्रवास जिथल्या तिथे.

अजून एक. ती फेरी परदेशी नव्हतीच. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १ एप्रिल १९३६ला तो वेगळा प्रांत झाला. म्हणजे जेआरडींनी ती पिशवी एका इलाख्यातल्या एका शहरातून दुसऱ्या शहरात आणली. फाळणी व्हायला तेव्हा पंधरा वर्षं होती.

जेआरडींनी ही फेरी १९८२ साली, पन्नास वर्षं पूर्ण झाली तेव्हा, पुन्हा एकदा करून दाखवली. वय ७८. विमान जुन्याच घराण्यातलं, ‘लेपर्ड मॉथ’. मधल्या काळात दोन देशांत युद्धं होऊन गेली होती, तरी ते कराचीहूनच निघाले आणि जुहूलाच उतरले.

१५ ऑक्टोबर २०२१ला मुंबईच्या आरोही पंडित या तरुण वैमानिकेने त्याच फेरीला पुन्हा मानवंदना दिली. अटलांटिक महासागर एकटीने हलक्या क्रीडा विमानातून ओलांडणारी ही पहिली महिला. तिनेही अहमदाबादमार्गे येऊन जुहूला विमान उतरवलं. मात्र सुरुवात कराचीऐवजी भुजवरून झाली. जी धावपट्टी १९७१च्या युद्धात माधापारच्या बायकांनी तीन दिवस राबून दुरुस्त केली होती, तिथून.

आकाशाला कुंपण

‘‘पण आकाश कुणाचं असतं रे?’’ आमच्यातल्या एकीने विचारलं. प्रश्न भाबडा वाटतो, उत्तर कागदावर आहे. १९४४च्या शिकागो कराराचं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरच्या हवाई हद्दीवर पूर्ण हक्क आहे. आपल्यावरून कोणी जायचं ते तो देश ठरवणार. बंदी घालायची झाली तर वैमानिकांसाठी एक सूचना निघते, तिला नोटॅम म्हणतात. चार ओळींची असते. तेवढ्यात हजारो किलोमीटरचे रस्ते बंद होतात.

आपल्या उपखंडात हे बऱ्याचदा झालंय. जानेवारी १९७१च्या अखेरीस ‘गंगा’ या भारतीय विमानाचं अपहरण करून ते लाहोरला नेलं आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला जाळलं गेलं. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून जायला बंदी केली. पाकिस्तानचे तेव्हा दोन तुकडे होते, मध्ये अख्खा भारत. कराचीहून ढाक्याला जाणाऱ्या विमानांना श्रीलंकेला वळसा घालावा लागला. सरळ अंतर सुमारे २४०० किलोमीटर, वळशाने दुपटीहून जास्त. दोन्ही देशांतली विमानवाहतूक पुन्हा सुरू व्हायला १९७६ उजाडलं.

संसदेवरच्या हल्ल्यानंतर जानेवारी २००२मध्ये पुन्हा बंदी आली, ती दोन वर्षं टिकली. बालाकोटनंतर फेब्रुवारी २०१९ ते जुलै २०१९ पाकिस्तानची हद्द बंद होती. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ला पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांना केली. पुढे दर महिन्याला दोन्हीकडून मुदत वाढत गेली.

याची झळ थेट विमानं बंद झाल्यामुळे बसली असं नाही. ती आधीच गेली होती. पीआयएचं मुंबई-कराची विमान अगदी गेल्या दशकापर्यंत होतं, तेही थांबलं. झळ बसली ती लांबच्या प्रवासांना. दिल्लीहून ताश्कंद सुमारे १६०० किलोमीटर, म्हणजे दिल्ली-चेन्नईपेक्षा पुढाकाराचं बोलायचं अंतर नाही. पण सरळ वाट पाकिस्तानवरून जाते. वळसा घालून जायचं तर छोट्या विमानाच्या टाकीत तेवढं इंधन मावत नाही. एप्रिल २०२५मध्ये इंडिगोला दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटीची विमानं थांबवावी लागली. तिकडे शिकायला गेलेल्या मुलांना घरी यायचं तर तिसऱ्याच देशातून तिकीट शोधणं आलं. बंदी फक्त एकमेकांच्या विमानांना असल्यामुळे, बाकीच्या देशांच्या कंपन्या मात्र त्याच आकाशातून सरळ जात होत्या.

अशी बंदी का आली, हे कुणालाही समजतं. हल्ल्यात माणसं मेली आहेत, त्याचा राग खरा आहे. आमच्या टेबलावरही यावर दोन तट पडले. ‘‘मग काय, विमान चालू ठेवायचं?’’ असं एक जण तावातावाने म्हणाला. त्याचं म्हणणं कुणी उडवून लावलं नाही. पण या वळशाचा हिशेब नेमका कुणाच्या खात्यावर पडतो, हे बघायला हवं, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

तीन हजार किलोमीटरची घरवापसी

त्या खात्यावर पहिलं नाव मच्छीमारांचं आहे. सर क्रीकच्या पुढे समुद्रातली हद्द दोन्ही देशांनी अजून ठरवलेली नाही. पाण्यावर रेघ दिसत नाही. मासळीमागे गेलेली बोट पलीकडे सापडली की खलाशांची रवानगी कराचीच्या मलीर तुरुंगात. यात बहुतेक गुजरातच्या किनाऱ्यावरचे असतात आणि आपल्या पालघर जिल्ह्यातलेही. तिकडचे मच्छीमार आपल्याकडे असेच अडकतात. २००८च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात-घेतात. घरच्यांसाठी त्या दोन तारखा निकालाच्या तारखांसारख्या असतात.

सुटका झाली तरी हा माणूस समुद्राने घरी येत नाही. कराचीहून लाहोर, लाहोरहून वाघा सीमा, पायी अटारी, अमृतसर आणि तिथून रेल्वेने खाली. पालघरच्या खलाशाला हा प्रवास तीन हजार किलोमीटरच्या आसपास पडतो. त्याचं गाव सरळ रेषेत ८०० किलोमीटरवर असतं.

जमिनीवरच्या वाटाही आटल्या. राजस्थानातून मुनाबावमार्गे कराचीकडे जाणारी थार एक्स्प्रेस २००६मध्ये सुरू झाली होती. ऑगस्ट २०१९पासून ती आणि समझौता एक्स्प्रेस दोन्ही उभ्या आहेत. एप्रिल २०२५मध्ये अटारीचा नाका बंद झाला तेव्हा आईकडे एका देशाचा पासपोर्ट आणि मुलांकडे दुसऱ्या, अशी कुटुंबं तिथे फाटकापाशी थांबलेली आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली.

उल्हासनगरहून व्हिडिओ कॉल

आमच्या ग्रुपमधली एक जण इतका वेळ गप्प होती. ती उल्हासनगरची, सिंधी. म्हणाली, ‘‘माझे दादा कराचीचे आहेत. म्हणजे आजोबा. थांबा, विचारते.’’ आणि तिने थेट व्हिडिओ कॉलच लावला.

दादा पंच्याऐंशीच्या पुढचे. ऐकायला थोडं कमी येतं, पण मराठी झकास. फाळणी झाली तेव्हा ते लहान होते. आईचा हात धरून केमारीच्या धक्क्यावरून बोटीत चढले, दोन रात्री बोटीवर काढल्या, मुंबईच्या गोदीत उतरले आणि तिथून कल्याणच्या छावणीत आले. लष्कराच्या रिकाम्या बराकी होत्या, त्यांत कुटुंबं भरली. त्याच छावणीचं पुढे, १९४९मध्ये, उल्हासनगर झालं.

‘‘शाळा आठवते का हो दादा?’’ आम्ही विचारलं. स्वतःची आठवत नव्हती. ‘‘माझा मोठा भाऊ एनजेव्हीत होता. मोठी, दगडी शाळा. मी तिथे जायच्या आधीच आपण इकडे आलो.’’

एनजेव्ही काय, हे आम्ही कॉल संपल्यावर शोधलं. नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूल, सिंधमधली पहिली सरकारी शाळा, सुरुवात १८५५. वैद्य हे मुंबई इलाख्यातून तिकडे गेलेले मराठी शिक्षणाधिकारी. त्यांचं नाव त्या शाळेवर आजही आहे. म्हणजे कराचीतली सिंधी मुलं मराठी माणसाच्या नावाच्या शाळेत शिकली आणि त्यांचे धाकटे भाऊ कल्याणजवळ येऊन मराठी बोलायला शिकले. आमच्यापैकी कुणालाच यातलं काही माहीत नव्हतं. कराची म्हटलं की डोळ्यांपुढे बातम्या येतात, शाळा येत नाही.

कॉल ठेवण्याआधी दादांनी उलट प्रश्न केला, ‘‘आता किती वेळ लागतो जायला?’’

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. वहीतलं उत्तर सांगायचं की साइटवरचं? नातीने दोन्ही सांगितली. दादा म्हणाले, ‘‘दीड तास? एवढं जवळ आहे?’’ मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आमच्या परीक्षा कशा गेल्या ते विचारलं.

वाट पुन्हा उघडते

हे कायमचं असंच राहील, असं मात्र कुणी समजू नका. शांघाय आणि तैपेई बघा. सरळ अंतर सुमारे ६८० किलोमीटर, म्हणजे मुंबई-नागपूर. पण १९४९नंतर जवळपास सहा दशकं सर्वसाधारण प्रवाशाला हाँगकाँग किंवा मकाऊला विमान बदलूनच जावं लागे. हाँगकाँगवरून हेच अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर जातं. आधी फक्त सणापुरती काही खास विमानं सोडली, मग जुलै २००८मध्ये शनिवार-रविवारची थेट विमानं आली, डिसेंबरमध्ये रोजची झाली आणि आकाशातला मार्गही सरळ झाला. तंटा मिटला नाही, आजही आहे. विमानं मात्र उडाली.

आपल्याकडचं उदाहरण ताजं आहे. २०२०मध्ये थांबलेली भारत-चीन थेट विमानं २६ ऑक्टोबर २०२५ला कोलकाता-ग्वांगझू फेरीने पुन्हा सुरू झाली. चीनमध्ये मेडिकल शिकणाऱ्या मुलांना विचारा, त्या मधल्या पाच वर्षांत घरी यायला काय काय करावं लागलं ते.

आणि सोल-प्योंगयांग बघा. अंतर दोनशे किलोमीटरच्या आत, जवळजवळ मुंबई-नाशिकच्या मापाचं. तिथे नियमित विमान आजही नाही.

आता तुमची पाळी. वहीचं शेवटचं पान काढा आणि कुठलीही दोन शहरं घ्या. अक्षांश-रेखांश शोधा, अंतर काढा, ८००ने भागा, अर्धा तास मिळवा. मग तिकिटाची साइट उघडून खरा वेळ बघा. दोन आकड्यांत जो फरक येईल, त्याचं कारण शोधा. कधी ते वारा असेल, कधी पुरेसे प्रवासी नसणं असेल, कधी चार ओळींची सूचना असेल. इतिहासाचा एखादा धडा नक्की हाती लागेल, आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर एखादी गोष्टही.

आमच्या पैजेचं म्हणाल, तर हरलेल्या चौघांनी वर्गणी काढून कटिंग पाजला. उल्हासनगरवालीने दोन घेतले, एक दादांच्या नावाने.